नंदाचा दिवेलागणीचा वर्ग

नंदा,

परवा विहारात, तू गेल्यावरचा, तुझा जलदान विधी झाला. गर्दी इतकी होती की बाहेर पडताना एक माझी आणि एक कुणाची तरी अशा चपला घालून मी देवरूखला परत आले. भाषणंही झाली. एकाने तुला ज्ञानाची पणती म्हटलं, दुसऱ्याने लगेच मशाल म्हटलं. तिसरा उठला तेव्हा आता हा हॅलोजन म्हणणार असं माझ्या मनात आलं आणि मला हसू फुटलं. मी मान खाली घालून ते दाबायला लागले, तर खांदे हलले. तुझ्या जावेला वाटलं मी रडतेय. तिने पाठीवर हात ठेवला, आणि मग मी खरंच रडले.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठे झालं, नोकरी कधी लागली, हे सगळं तिथे वाचून दाखवलं. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलीस, आणि हे तुझं नेहमीचंच होतं. स्टाफरूममध्ये मी तावातावाने मुद्दा मांडायला लागले की नेमका तुझा तास असायचा. पदर खोचून, खडू उचलून तू निघायचीस आणि दारातून म्हणायचीस, "बोल गो तू, मी आलेच." मी कुणाशी बोलू, त्या कपाटाशी?

देवरूखच्या वर डोंगरातल्या त्या हायस्कुलात आपण दोघींनी निम्मं आयुष्य काढलं. तू भूगोल, मी गणित. मुलं तुला नंदाबाई म्हणायची आणि मला नुसतं गणिताच्या बाई. मला नाव आहे हे त्यांना निरोप समारंभापर्यंत माहीत नसायचं. सुमन हे नाव शाळेत फक्त तू घ्यायचीस, तेही मोडून, सुमे म्हणून. आता ते तसं मोडणारं कुणी उरलं नाही.

तर भांडणाचा विषय. फोनवरून शाळा चालते का? तू म्हणायचीस चालते, आणि चालत राहिलीच पाहिजे. मी म्हणायची, शाळा ती शाळा आणि फोन तो फोन. इतकं साधं भांडण, पण आपण ते वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

सुरुवात टाळेबंदीत झाली. मी शिमग्याला म्हणून रत्नागिरीला माहेरी, मांडवीला गेले होते, ती तिथेच अडकले. वरून फर्मान निघालं की ऑनलाइन शिकवा. माझ्याकडे काय नव्हतं? गच्ची होती, समोर समुद्र होता, फोनला भरभक्कम रेंज होती, भावाने कुठूनसा पांढरा फळाही पैदा केला होता. मी इस्त्रीची साडी नेसून वेळेवर फळ्यापुढे उभी राहायची. पडद्यावर तीन चौकोन उघडायचे. एकात छपराची कौलं, दुसऱ्यात कुणाचं तरी कपाळ, तिसऱ्यात एक कोंबडा. कोंबडा मात्र नियमित होता. समजलं का, असं विचारलं की तोच काय ते उत्तर द्यायचा. बाकीची मुलं कुठे आहेत म्हणून चौकशी केली तेव्हा कळलं की ती सगळी तुझ्याकडे आहेत.

तुझ्याकडे म्हणजे कुठे, तर फणसाला टांगलेली. आपली निम्मी मुलं वरच्या वाडीतली. तिथे रेंज म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या, सड्याच्या कडेला एका फणसाखाली, आणि तिथेही एका ठरावीक फांदीपाशीच. गावांनी रस्त्यावर झाडं आडवी टाकून वाटा बंद केल्या होत्या. शाळेच्या वर्गांत मुंबईहून आलेल्या लोकांना ठेवलं होतं. तुला वर जाता येईना, त्यांना खाली येता येईना. मग वाडीतल्या वनिताने आपला फोन काढला. नवरा मुंबईत नोकरीला, एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून त्याने तिला गणपतीत चांगला फोन घेऊन दिला होता. हातात धरला की रेंज जायची, म्हणून तिने तो पिशवीत घातला, पिशवी फांदीला अडकवली, आवाज मोठा केला, आणि तू आपल्या घरातून महाराष्ट्राच्या नद्या शिकवायला लागलीस.

मी मांडवीहून फोन केला आणि म्हटलं, "नंदा, लाज वाटू दे जरा, झाडाला काय शिकवतेस?"

तू म्हणालीस, "झाडाला नाय गो, पिशवीला."

मला तो प्रकार म्हणजे निव्वळ थट्टा वाटायची. पण येण्याजाण्याची परवानगी मिळाली तेव्हा पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे घेऊन पहिल्यांदा मीच वरच्या वाडीत गेले. तू अजून घरीच होतीस, तुमच्या गावाची वाट बंदच असल्याने तुला कुणी सोडत नव्हतं. मी सड्याच्या अलीकडे बांबूच्या बेटाशी दम खात उभी होते. पोरं फणसाखाली लांब लांब बसलेली. इतक्यात पिशवी वाजली. वनिताने फोन उचलून पुन्हा आत ठेवला आणि झाडून सगळी पोरं उठून उभी राहिली. हात जोडून, सुरात, "एक साथ नमस्ते." पिशवी म्हणाली, "बसा." पोरं बसली. तेवढ्यात एक उशिरा आलेली चिमुरडी धावत आली, झाडापासून हातभर लांब थांबली आणि पिशवीला विचारलं, "बाई, आत येऊ का?" चहूकडे मोकळा सडा, वर आभाळ, ना भिंत ना दार. पिशवी म्हणाली, "ये, पण उद्यापासून वेळेवर." मग ती आत आली.

मी बांबूच्या मागे तोंडावर पदर धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हे मी तुला सांगितलं होतं, पण निम्मंच. हसल्याचं सांगितलं.

दुसरंही एक सांगायचं राहिलं. त्यानंतर मी पुन्हा मांडवीला अडकले तेव्हा माझा वर्ग संपल्यावर, म्हणजे कोंबडा निघून गेल्यावर, मी वनिताला फोन करून तुझ्या त्या कॉलमध्ये शिरायची. बाईंना सांगू नको म्हणून तिला बजावलं होतं. माझा आवाज बंद करून मी गच्चीवर बसायची आणि तुझा भूगोल ऐकायची. मोसमी वारे, गाळाची मृदा, जांभा कसा तयार होतो. समोर समुद्र आणि कानात तू. त्या काळात घरात सगळे एकमेकांकडे आजारी असल्यासारखे बघायचे आणि बातम्या लावायची भीती वाटायची. दिवसातला तेवढाच वेळ मला धड वाटायचं. तू विषय सोडून भलतीकडे जायचीस, जांभ्यावरून काजूच्या उसळीवर यायचीस, आणि मी मनातल्या मनात ओरडायची की नंदा, पाठ पुरा कर. पण ऐकत राहायची.

ऑनलाइन प्रशिक्षणातली तुझी करामत मात्र सगळ्या तालुक्याने ऐकली. कुणीतरी साहेब सकाळपासून बोलत होते, आपण सगळ्या शिक्षिका चौकोनात बसलेल्या. तू दुसऱ्या फोनवरून मला फोन केलास आणि पहिल्याचा आवाज बंद करायला विसरलीस. "सुमे, चहा टाकून घे. हा बाबा जेवल्याशिवाय काय सोडत नाय." साहेब थांबले. मग साहेब म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटांत संपवतो." आणि खरंच संपवलं त्यांनी. पुढे वर्षभर कुठल्याही मीटिंगला गेलं की कुणीतरी तुला विचारायचंच, मॅडम, चहा झाला का?

लावणीचे दिवस आले आणि तुझ्या वर्गाची वेळ बदलली. फोन वनिताचा, वनिता शेतात, म्हणून फोनही शेतात. मग वर्ग दिवेलागणीला घ्यायचं ठरलं, बाया घरी परतल्यावर. त्या थेट शेतातून फणसाखाली यायच्या, मुलांना घेऊन घरी जायला. वर्ग संपेपर्यंत मागे बसायच्या, पायाला चिखल, बाजूला पावसाची इरली. आणि बसल्या बसल्या ऐकायच्या. तिथूनच सगळं सुरू झालं. मुलांसाठी ठेवलेल्या वेळेत आया येऊन बसल्या, आणि तुझ्या ते लक्षात आलं कारण तू प्रश्न विचारलास की मागून भलतेच आवाज उत्तर द्यायला लागले.

शाळा उघडली तेव्हा आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तर घरी आल्यावर ते ॲपच काढून टाकलं. तू नाही. पावसात वरच्या वाडीचा ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जातो, मुलं दिवसचे दिवस येऊ शकत नाहीत, म्हणून तू वर्ग चालूच ठेवलास. मग उन्हाळा आला तरी चालू. मी विचारलं, आता काय? तू म्हणालीस, आता बाया.

वनिता तुला शाळेत येऊन भेटली तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत पेपर तपासत होते. ती उभीच राहिली, बसली नाही. म्हणाली, "बाई, पोरांची शाळा उघडली, बरा झाला. आमची बंद झाली त्याचा काय?" ती दहावीला गणितात नापास झाली होती आणि पुढच्याच वर्षी तिचं लग्न लागलं. आता तिला तो पेपर पुन्हा लिहायचा होता. तिच्या मागून सुगंधाकाकू आल्या. आजी झालेल्या, तोंडात दोन दात. म्हणाल्या, "माजा पण नाव घाला. मना दहावीचा पेपर लिवायचाय. पास-नापास मागनं बघू." तू सगळ्यांना बाहेरून परीक्षेला बसवायचं ठरवलंस. वाडीत टॉवर आला होता, फणसाची गरज संपली होती, बाया आपापल्या चुलीपाशी फोन ठेवून वर्गाला बसायला लागल्या. दिवसा त्यांना वेळ नाही आणि संध्याकाळी वाडीतून खाली यायला गाडी नाही. फोन नसता तर त्या कधीच शिकू शकल्या नसत्या. हे मी तेव्हाही मान्य केलं होतं, नाही केलं असं म्हणू नकोस.

पण गणित फोनवर शिकवता येत नाही, हे मी आजही म्हणते.

एसटीची वाट बघताना आपण यावर जे भांडायचो ते आठवून आता मजा वाटते. गाडी उशिरा आली तर बरं, मुद्दा पुरा होईल, अशी आपली तऱ्हा. मी म्हणायची, "गणिताला चेहरा लागतो नंदा. पोराच्या कपाळाला आठी पडली की मला कळतं, इथे अडलंय. वाक्य अर्ध्यात सोडून मी मागे जाते. फोनवर मी कुणाच्या कपाळाकडे बघू? कौलांच्या?"

तू म्हणायचीस, "सुमे, तुझं सगळं बरोबर. पण जग थांबलंय का तुझ्यासाठी? आधी रोग आला. मग पूर आला. आता रोज उठून कुठे ना कुठे लढाई. सुगंधाकाकूंचा लेक आखातात, तिकडची बातमी लागली की काकूंच्या घशाखाली घास उतरत नाय. वनिताच्या नवऱ्याची कंपनी आज बंद पडतेय की उद्या, कुणाला माहीत? शाळा बंद पडायला आता कारणं शोधावी लागत नायत. मग एक तरी दार असं पाहिजे की नाय, जे काही झालं तरी उघडं राहील?"

"त्या दारातून गणित आत येत नाही."

"आणणारीला आणायचं नसेल तर कसं येईल?"

मग गाडी यायची. गाडीत आपण चणे खात दुसरंच काहीतरी बोलायचो.

मला तुझा राग यायचा तो यासाठी की तुझा हा सगळा खटाटोप मला दिसत होता. दिवसभर शाळा, मग घरची भाकरी, मग तो वर्ग. घरातलं नेट गेलं की तू अंगणात, अंगणात गेलं की पायवाटेवर, कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभी राहून विषुववृत्त शिकवायचीस. तुला मी म्हटलं होतं, मर मर मरतेस कशाला? असं सहज बोलून जातो आपण. तू हसून म्हणालीस, "मला कंटाळा येत नाय तोवर चालू." तुला कंटाळा आला नाही, नंदा. हृदयाने मात्र कुणाला विचारलं नाही.

शेवटचं बोलणं आठवतं ना? शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. तू दप्तराचं कपाट लावत होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "परीक्षा जवळ आली. बायांचं गणित तू घे."

मी म्हटलं, "आता कोण शिकवतंय गणित?"

"चाललंय कसंतरी."

"कसंतरी म्हणजे?"

"तू घे ना. रोज थोडा वेळ."

मी म्हटलं, बघू. तुला माझं 'बघू' चांगलं ओळखू यायचं. तू कपाटाला कुलूप लावलंस, आणि आपण गाडीला निघालो. रविवारी दुपारी तुझ्या छातीत कळ आली. तुला रत्नागिरीला नेत होते, पण तू पोचली नाहीस. मला कळलं तेव्हा मी पापड वाळत घालत होते. मी ते सगळे घालून संपवले आणि मग खाली बसले. का संपवले, कोण जाणे.

आता ऐक, तुझ्या पाठीमागे काय झालं ते.

जलदान विधीहून आल्यावर मी ठरवलं की त्या बायांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. वर्ग संपला, परीक्षा पुढच्या खेपेला द्या, तोवर देवरूखला कुठे शिकवणी मिळते का बघू. वनिता आणि सुगंधाकाकू विधीला येऊन गेल्या होत्या, पण तिथे बोलणं बरं दिसलं नसतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात तू मलाही घालून ठेवलं होतंस, त्यात तुझी ती वर्गाची लिंक होती. काल दिवेलागणीला मी तिच्यावर बोट ठेवलं. मला वाटलं होतं उघडणारच नाही, आणि उघडली तर आत कुणी नसेल, मी एक निरोप ठेवीन आणि बाहेर पडेन.

लिंक उघडली. सगळ्या आत होत्या. वनिताच्या चौकोनात चुलीचा धूर, सुगंधाकाकूंचं फक्त कपाळ, आणखी कुणाचा पंखा, कुणाचं मांडीवरचं मूल. आणि त्या सगळ्यांच्या मधे एक काळा चौकोन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तुझं नाव. नंदा.

माझा हात तिथेच थांबला. मग डोकं चालायला लागलं. तो वर्ग तुझ्याच फोनवरून उघडतो, दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही. म्हणजे तुझ्या घरी कुणीतरी रोज तुझा फोन चार्ज करत होतं आणि वेळ झाली की लावून ठेवत होतं. तुझा नवरा, आमचे भावजीच असणार. विधीत एक शब्द बोलला नाही तो माणूस, पाहुण्यांना पाणी देत फिरत होता.

मी आल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझा आवाज बंद होता, चेहरा बंद होता. मला त्याची जुनी सवय. वनिता शिकवत होती. दाराच्या मागच्या बाजूला खडूने मोठ्ठं लिहिलेलं, पाच वजा कंसात दोन वजा तीन. ती म्हणाली, "आता वजा भायर हाय. बाईंनी काय सांगितलांनी? नदीला पूर आला की काठावरचा सगळा बुडतो. वजा आला की कंसातला सगळा वजा. दोन बुडाले, तीन बुडाले. पाचातनं दोन गेले, तीन गेले. शून्य." आणि सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "शून्य."

नंदा. पूर?

मी वर्ग बंद झाल्याचं सांगायला आले होते. पण ते शून्य माझ्या कानाला सहन होईना. माझा हात आपोआप गेला आणि मी म्हटलं, "शून्य नाही. सहा."

सुगंधाकाकूंचं कपाळ हललं. "कोन बोलतंय?"

"गणिताच्या बाई."

वनिता ऐकून घेणाऱ्यांतली नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "सहा कसे? पाचातनं घालवायचेत, तर पाचाच्या वर कसे जातील?" प्रश्न चांगला होता. नववीतल्या पोरांनी मला हा प्रश्न कधी विचारला नाही, ती निमूट चिन्ह बदलतात. मी म्हटलं, "वनिता, तुझ्याकडे पाच नारळ आहेत. सुगंधाकाकूंना दोन द्यायचे आहेत. पण त्यांच्याकडून तुला तीन यायचे आहेत. देणं-घेणं झाल्यावर तुझ्याकडे किती?"

"दोन दिले. ऱ्हायले तीन." मग ती थांबली. धुरामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती नेमकी कुठे थांबली ते मला कळलं, आणि मी गप्प राहिले. "तीन आले," ती हळूच म्हणाली. "सहा झाले."

"मी कवा घेतलेत तिचे तीन नारळ?" सुगंधाकाकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मी पण हसले, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदाच, कुणापासून न लपवता.

मग दुसरं उदाहरण झालं, मग तिसरं. तू काय काय शिकवून ठेवलं होतंस ते एकेक बाहेर यायला लागलं. वर्गमूळ म्हणे झाडाचं मूळ, जितकं खोल तितकं लहान. हे तू कुठल्या पुस्तकातून काढलंस? सुगंधाकाकूंनी शेवटी विचारलं, "म्हंजे आमी इतके दीस चुकीचा शिकलाव?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "पन शिकलाव."

वेळ झाली. बाया एकेक करून गेल्या, चौकोन विझत गेले. शेवटी दोनच उरले, एक माझा आणि एक तुझा. मला कळत होतं की निघावं. पण तुझं नाव समोर होतं आणि माझा राग काही मावेना. मी बोलायला लागले. म्हटलं, नंदा, तुला गणित येत नाही हे तुला माहीत होतं ना? मग विचारायचंस मला. दारात येऊन बसायचंस, हट्ट करायचास, नेहमी करतेस तसा. एवढ्या बाया, परीक्षा तोंडावर, आणि त्यांना पुरात बुडवून निघून गेलीस? माझं 'बघू' कशाला ऐकून घेतलंस? बराच वेळ बोलले मी. रडलेही असेन.

काळा चौकोन खाकरला.

"ताई, मी हाय," भावजी म्हणाले. "ऐकतोय मी." मग म्हणाले, "ती म्हणायची, माझं गणित सगळं चुकतंय. मी म्हटलं, मग शिकवतेस कशाला? तर म्हणाली, चुकू दे. सुमीच्या कानावर गेलं की ती भांडायला येईल. आली की तिला सोडू नका."

"बंद करू का आता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "करा. उद्या जरा लवकर लावा. अपूर्णांक घ्यायचे आहेत."